दोघं एकदम बोलू नका

शहाण्णव साली आमच्या मच्छीमार सोसायटीने मुळा धरणासाठी दोन रेडिओ सेट आणले. एक काठावरच्या शेडमध्ये रंभाजीकडे राहिला. लाँचच्या इंजिनाचं काम माझ्याकडे, म्हणून दुसरा सेट मीच लाँचवर बसवला. बांबूला अँटेना बांधला, बॅटरीला वायरी जोडल्या आणि दुपारी एकटाच पाण्यात गेलो.

बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं.

“रंभाजी, ऐकू येतंय का?”

“येतंय की. पन गहिनी, दोघं एकदम बोलू नका. काय बी कळंना.”

रंभाजी पहिल्यापासून खोडीलच. लाँचचा दोर त्यानेच सोडला होता. मी एकटा निघालोय हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? म्हटलं, थांब, तुझी थाप उघडीच पाडतो.

मी इंजिन बंद केलं. बटण दाबून धरलं आणि तोंडातून शब्द काढला नाही. मनात वीसपर्यंत मोजून बटण सोडलं.

नुसती खरखर आली. आता हा हसणार, म्हणून मी वाट पाहिली.

तो हसला नाही. परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने म्हणाला,

“न्हाई वो पाव्हनं, आमच्या गहिनीला पवता येत न्हाई. का वो?”