पदराखालचं अंडं

"पदर झटक."

जयवंतीनं मान खाली घातली. पंगतीतल्या बायांचे घास हातातच राहिले.

"झटक म्हणते ना! अंडं कुठं गेलं?"

"खाल्लं, ताई."

"टरफलासकट?"

बाया खुदखुदल्या. मदतनीस भागीरथी तर डाळीचा डाव हातात धरूनच हसत सुटली. जयवंतीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सातवा लागला होता तिला, पण पोट शोधावं लागत होतं.

प्रमिला या पाड्यावरची अंगणवाडी सेविका. गरोदर बायांनी जेवण इथंच बसून जेवायचं, घरी न्यायचं नाही, हा नियम ती काटेकोर पाळायची. घरी गेलेल्या ताटाचं काय होतं ते तिला ठाऊक होतं. आधी नवरा, मग सासू, आणि जिच्या नावाचं ताट तिला खरवड. मागच्या खेपेला जयवंतीचं पोर मूठभर जन्मलं होतं. पाचवी पुजायच्या आधीच गेलं. या वेळी हिचं बाळ भरल्या अंगाचंच व्हायला हवं, असा प्रमिलानं पण केला होता.

दुसरा एक नियम सरकारचा नव्हता, पाड्याचा होता. आधी पोरांची पंगत, मग पोटुशींची. म्हातारी ठकीबाई सांगायची, "पोटुशीनं भुकेल्या पोराला मागं टाकून घास गिळू नये. पोटातलं पोर उपाशी राहतं." हाही नियम प्रमिलानं कधी मोडला नाही.

तिची स्वतःची तेजू मात्र पोरांच्या पंगतीत नसायची. तीन वर्षांची होती, हक्काची होती. पण आधीच्या सेविकेनं घरची पोरं सरकारी पातेल्यावर पोसली, असं पाडा अजून बोलायचा. "माझ्या पोरीच्या पोटात इथल्या डाळीचा दाणा नाही," असं प्रमिला बैठकीत मान वर करून सांगायची. तेजू दिवसभर आजीजवळ राहायची. फक्त वजनाच्या दिवशी यायची.

परवाच वजनं झाली. तेजूला झोळीत बसवलं तर काटा चांगला पुढं सरकला.

"सासूबाईंच्या हाताला गुण आहे," प्रमिला म्हणाली.

"तरीच आता दुपारची रडत नाय," पंगतीतली एक जण म्हणाली. "आधी पार वाटेपर्यंत ऐकू यायची."

जयवंती वजनकाट्यावर चढली. तिचा आकडा जिथं होता तिथंच.

तेव्हापासून प्रमिलाचं डोकं फिरलं होतं.

"नवऱ्याला देतेस?" तिनं आता विचारलं.

"नाय."

"सासूला?"

"नाय, ताई."

"मग गुत्त्यावर देतेस? अंड्याच्या बदल्यात घोट मिळतो म्हणे."

जयवंती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली.

"तोंड शिवलंय का तुझं? एक घालवलंस ते पुरं नाही झालं?"

हसणं तिथंच थांबलं. बोलून गेल्यावर प्रमिलालाही ते जड वाटलं, पण इतक्या बायांसमोर शब्द मागं कसा घ्यायचा? ठकीबाई तेवढी पुटपुटली, "असं बोलू नये गं, बाय." जयवंतीनं ताट उचललं, घासून पालथं घातलं आणि पदर पोटाशी धरून निघाली.

"भागी, चल," प्रमिलानं चपला घातल्या. "आज अंडं कुठल्या दारी जातं ते बघूनच येऊ. रंगेहाथ धरते."

ऊन तापलं होतं. दोघी अंतर राखून चालू लागल्या. जयवंतीचं घर ओढ्यापलीकडं. ती ओढ्याकडं वळलीच नाही.

"नवराच असणार," भागीरथी कुजबुजली. "असंल कुठं तरी आ करून बसलेला. माझा नाय का, लग्नात जेवायला बसला तो अजून उठला नाय!"

"गप गं."

गुत्ता आला. दारातल्या बाप्यानं जयवंतीला काही तरी म्हटलं. तिनं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. प्रमिलाची नजर त्या पदरावरून हलत नव्हती. आपण कुठल्या वाटेनं चाललोय, याचंही तिला भान नव्हतं. मनात ती शब्द जुळवत होती. आधी अंडं खाणाऱ्याला झापायचं, मग हिला. आणि मग हिची माफी मागायची, उद्यावर नको, आजच.

जयवंती बांबूच्या बेटामागं वळली.

भागीरथी एकदम थांबली. तिनं प्रमिलाचा दंड धरला.

"ताई, चला माघारी."

"का?"

"ऊन लागतंय मला. चला ना."

"आता आलो ना इथवर!" प्रमिलानं हात सोडवून घेतला आणि कुडाला डोळा लावला.

आत सावलीला बाजेवर एक म्हातारी घोरत पडली होती. चुलीत राख होती. चुलीपाशी मांजर कलंडलेल्या टोपाचं बूड चाटत होतं. जयवंती उकिडवी बसली होती. पदराखालचं अंडं तिनं दगडावर टिचकवलं, सोललं, तुकडा मोडला. समोरचं इवलंसं तोंड आधीच उघडलेलं होतं. एक तुकडा गेला की ते पुन्हा उघडायचं. जयवंतीनं बोटाला लागलेला पिवळा बलकसुद्धा त्यालाच चाटवला.

"हळू खा, तेजू," ती म्हणाली. "आणि आईला सांगायचं नाय हां. तिला लाज वाटंल."