आवाज बंद करून

"सगळ्या खोलीत तो एकटाच कोरडा होता," तपासनीस म्हणाले. "पडद्यावर म्हातारा बाप मुलीला निरोप देतोय, तुझी आई डोळे पुसतेय, आणि तुझा लिफ्टवाला मला विचारतो, काका, पंखा खडखडतोय, उघडून बघू का?"

"बाबा, लिफ्ट दुरुस्त करणं त्याचा धंदाच आहे. कुठे खडखडलं की त्याचे हात शिवशिवतात," मुलगी म्हणाली. "सिनेमा बघून रडला नाही म्हणून माणूस वाईट ठरतो का?"

"वाईट कोण म्हणतंय? पण तुझ्यावर जीव आहे म्हणतो, तो चेहऱ्यावर दिसायला नको? आत काय शिजतंय, काही पत्ता लागत नाही."

लग्न करीन तर याच्याशीच, पण बाबा हो म्हणाले तरच, असं मुलीनं आधीच सांगून ठेवलं होतं. आता सगळं घोडं बाबांच्या होकारावर अडलं होतं, आणि बाबांना तर आजवर शेजाऱ्याचा कुत्रासुद्धा ढोंगी वाटत आला होता.

विमा कंपनीतली त्यांची सारी नोकरी लोकांच्या रडण्यावर विश्वास न ठेवण्यात गेली होती. जळालेल्या दुकानापुढे गळा काढणारा मालक नुसता पाहून ते सांगत, काडी यानंच लावली. ही नजर आपल्याला मोठमोठ्या नटांनी दिली, असं त्यांचं ठाम मत होतं. थिएटरात मात्र ते पाऊल टाकत नसत. तिथं नट तुमच्यासाठी थांबतो थोडाच! घरी रिमोट हातात असतो. चित्र थांबवावं, मागं न्यावं, आवाज बंद करून नुसता चेहरा वाचावा.

"फालतू नट आधी तोंड वाकडं करतो," ते येईल त्याला ऐकवत. "मोठा नट आधी श्वास अडवतो, आणि डोळ्यात पाणी आलं की ते लपवतो. खरा माणूस तसाच रडतो."

बायको शेजारी बसून शेंगा सोलायची. हसायच्या जागी हसायची, रडायच्या जागी डोळे टिपायची. "मला काय कळतंय त्यातलं, तुम्ही सांगाल ते," म्हणायची. तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघायची तपासनिसांना कधी गरज पडली नव्हती. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

आताही तीच मध्ये पडली. "अहो, आणखी एकदा बोलवा ना त्याला. पहिल्यांदा माणूस बुजतो."

पुढच्या रविवारी दुपारी लिफ्टवाला पुन्हा आला. सिनेमा तोच लावला होता. तपासनिसांनी आपली खुर्ची अशी फिरवून ठेवली होती की पडदा बाजूला आणि पाहुणा समोर.

पडद्यावरचा म्हातारा बाप दारापर्यंत आला. तपासनीस लिफ्टवाल्याच्या चेहऱ्यावर डोळे रोखून बसले. आधी त्याचा श्वास अडला. मग गळ्याची घाटी वरखाली झाली. त्यानं मान खिडकीकडे वळवली, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून अंगठ्यानं डोळ्याची कड पुसली.

दगडाला पाझर फुटला होता! तपासनिसांना स्वतःलाच भरून आलं. एवढ्या चांगल्या मुलाला आपण उगाच पाण्यात पाहिलं, याची त्यांना लाज वाटली.

"माझी ना नाही," त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं.

मुलगी त्यांच्या गळ्यातच पडली. लिफ्टवाल्यानं वाकून नमस्कार केला. बायको चहा टाकायला आत गेली, आणि कप आणतो म्हणून तोही तिच्या मागोमाग गेला.

तपासनीस समाधानानं मागं रेलले आणि त्यांचं लक्ष वर गेलं. पंखा आजही खडखडत होता. गेल्या वेळेपेक्षा जास्तच. आणि आज त्या पठ्ठ्यानं एकदाही वर पाहिलं नव्हतं.

मनात पाल चुकचुकली.

"इकडे ये," त्यांनी मुलीला हळूच विचारलं. "तू याला काही पढवलंस का?"

"मी? बाबा, तुमचे सिनेमे सुरू झाले की मी कायम झोपते, तुम्हाला माहीत नाही का? आणि आता हो म्हणालात ना, मग पुन्हा खोड काढू नका." ती मैत्रिणीला फोन करायला बाल्कनीत पळाली.

ती खोटं बोलत नव्हती. तेवढं त्यांना ओळखता येत होतं. पण चैन पडेना. पोराचा श्वास अडला तो थेट त्या नटासारखा. अगदी तसाच? की आपल्यालाच भास झाला? ताडून पाहायला त्यांनी तो प्रसंग मागं नेला, पुन्हा लावला, आणि सवयीप्रमाणे आवाज बंद केला.

टीव्ही गप्प झाला तसं स्वयंपाकघरातलं बोलणं स्पष्ट ऐकू येऊ लागलं.

"मान जरा लवकर वळवलीस," बायको सांगत होती. "पण अंगठा छान. आपण ठरवलं होतं त्याहून छान."

तपासनिसांच्या अंगात वीज सळसळली. सापडला! त्यांची नजर चुकली नव्हती. सगळं बनवलेलं होतं, आणि बनवणारी त्यांच्याच घरात होती. ते ताडकन उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"मला फार टोचतंय, काकू," लिफ्टवाला म्हणत होता. "काकांना फसवल्यासारखं वाटतंय."

"फसवलंस कसलं? तुझा तिच्यावर जीव आहे, तो खराच आहे. त्यांना खरं दिसत नाही, म्हणून त्यांना दिसेल असं दाखवलंस."

तपासनिसांनी दारावरचा पडदा सारायला हात पुढं केला.

"पण जन्मभर त्यांच्यासमोर असं वागायचं म्हणजे... जमेल का मला?"

"सवय होते रे," कपांत चहा ओतता ओतता ती म्हणाली. "लग्नाच्या पहिल्या दिवसापासून मी दुसरं काय करतेय? त्यांना कधी शंकासुद्धा आली नाही."