दांड्यावरचा हात

नथ्थू नावेच्या मागच्या टोकाला बसला आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून त्याने सुकाणूच्या दांड्यावर ठेवला. लकव्यानंतर तो हात शोभेपुरताच उरला होता. पण गावातले मोठे मोतीलालआबा नावेत चढत होते, आणि आज त्यांची खात्री पटली नाही तर गाव तापीवर दुसरा नावाडी आणणार होतं.

नथ्थूकडे तोंड करून त्याची बायको बेबाबाई वल्ही मारायला बसली. दांड्याला बांधलेल्या दोन दोऱ्या नावेच्या दोन्ही कडांनी, गोणपाटाखालून, तिच्या पाठीमागच्या खुंट्यांना वळसा घालून तिच्या पावलांपर्यंत आल्या होत्या. पाय रेटला की सुकाणू वळायचं. दांडा परत मधोमध आणायला सायकलच्या ट्यूबची पट्टी होती. ही सगळी जोडणी तिचीच. समोरचं पाणी नथ्थूला दिसायचं. तो हनुवटी हलवायचा आणि ती पाय रेटायची. सुकाणू बाईच्या हातात असलेल्या नावेत गावातलं कुणी बसलं नसतं. पायांकडे मात्र कुणी बघत नाही.

मधल्या धारेत वारा आडवा लागला आणि नावेचं तोंड फिरलं. आबांनी कड घट्ट धरली. नथ्थूची हनुवटी हलली, बेबाबाईच्या पोटऱ्या ताठल्या, आणि नाव सुतासारखी सरळ झाली.

आबा खूश झाले. नाव तुझ्याकडेच राहील, असं त्यांनी तिथेच सांगून टाकलं. मग त्यांना बेबाबाईची दया आली. भल्या माणसांना दया अशी नको तेव्हाच येते.

"तुना हात ते बरा व्हई गया," ते म्हणाले. "आते वल्हांवर तुना पुतण्याले बसाड. बाईमाणूसले कशाले राबाडस?"

नथ्थूने बेबाबाईच्या पायांकडे पाहिलं. हो म्हणावं तर उद्या नाव खडकावर जाणार, आणि नाही म्हणायला कारण एकच होतं. बेबाबाई खाली मान घालून वल्ही मारत राहिली.

त्याने डाव्या हाताने उजवा हात दांड्यावरून उचलला आणि मांडीवर ठेवला. नाव सरळच चालली होती.

"आबा, नाव मी नही, ती चालाडस."

आबांनी गोणपाट उचलून दोऱ्या पाहिल्या. मग वळून काठाकडे पाहिलं. तिथे माणसं जमली होती.

"हात परत ठेव," ते हळूच म्हणाले. "लोके देखतस."

नथ्थूने हात उचलला.

"राहू द्या," बेबाबाई म्हणाली. "हात ठेवला की दांडा जड व्हस."