चौथ्या टाकीतला नर

नर माशाच्या वृषणाचा काप, आणि त्यात अंडी. एक नाही, दोन नाही, सात.

विद्याश्रीने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, पुन्हा लावला. सातच.

चौथी टाकी स्वच्छ पाण्याची. बाकीच्या टाक्या तिच्याशी ताडून बघायच्या. तिच्यातल्या नरांच्या रक्तात अंड्यांचं प्रथिन सापडलं, तेव्हा विद्याश्रीने सरांना लिहून दिलं होतं : दयानंदने नरांऐवजी माद्या सोडल्या. प्रयोगशाळेतल्या या जुन्या मदतनिसाचं कंत्राट तेवढ्यावर संपलं. पाणी कुणी तपासलं नाही. बोअर आटली म्हणून सहा महिने बेळ्ळंदूरच्या तळ्याकडून टँकर येत होता. टँकरला फोन तीच करायची.

त्या तळ्यात मिसळणाऱ्या शहराच्या सांडपाण्यातून मादीचं संप्रेरक आलं. त्याला धरणारे रिसेप्टर नराच्याही अंगात असतात. त्यांनी धरलं. कुठून आलंस, विचारलं नाही.

"अक्का, स्वल्प सही पाहिजे होती."

दारात दयानंद. हातात कामावरून मोकळं केल्याचा कागद.

"या अण्णा."

"काय दिसतंय आत? एकोणीस वर्षं नुसत्या काचा धुतल्या मी."

ती बाजूला सरकली. तो वाकला.

"हे गोल गोल काय?"

"अंडी."

"चौथीतला मासा?"

"हं."

तो वाकलेलाच राहिला. तिच्या ओठांपाशी आलं होतं :

तो नर होता, अण्णा

तो नर होता

तो नर

तो

म्हटलं की तीन वर्षांचे आकडे गेले. पीएचडी गेली.

"म्हणजे मादीच की हो," दयानंद म्हणाला. "एकेक उलटा धरून बघितलेला. पोटाखाली दोन भोकं तर नर, तीन तर मादी. दोनच मोजलेली मी. घरी बायकोला सांगत बसलो, अक्कांचंच चुकलंय म्हणून. तोंड आहे म्हणून काय पण बोलायचं! रागावू नका."

जिथे डोळा टेकला होता ती काच त्याने कापसाने पुसली. मग कागद पुढे केला.

विद्याश्रीने सही केली.

त्याने कागद उजेडाला धरला, वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला, परत टेबलावर ठेवून एका जागी बोट टेकवलं.

"तारीख राहिली, अक्का."