टेकचंदचा रॉड

दिवाळीपासून टेकचंदच्या डोक्यात एकच खूळ होतं. आपल्या शेतातल्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, गळ टाकायला चांगला रॉड घ्यायचा. कार्बनचा घ्यावा की फायबरचा, रीलमध्ये बेअरिंग किती असावीत, हे मोबाइलवर पाहून पाहून त्याचे डोळे लाल झाले.

"आवो, बोडीचं पानी उतरून राहिलं," बायको कुंताबाई दर आठवड्याला सांगायची.

"थांब ना, आणखी दोन व्हिडिओ पाहाचे आहेत."

शेवटी मे महिन्यात दहा किलो वजन पेलणारा रॉड आला. टेकचंद तो खांद्यावर टाकून ऐटीत बोडीवर पोचला, तर तिथं नुसता चिखल. कुंताबाई गुडघाभर चिखलात उभी राहून हातानंच मासे धरत होती. काठाच्या पाळीवर माशांचा ढीग लागला होता.

"बरं झालं आले," ती म्हणाली. "टोपली घरीच राहिली. लटकवा हे सारे तुमच्या दांड्याले."

संध्याकाळी टेकचंदनं मोबाइलवर रॉडला पाचपैकी पाच तारे दिले आणि खाली लिहिलं,

"पहिल्याच दिवशी आठ किलो मासे. रॉड वाकला, पण मोडला नाही."