भागीरथा भांडली नाही

वांग्याची भाजी करपली होती. चंद्रभाननं ताट मुद्दाम जोरात सरकवलं आणि बायकोकडे पाहिलं.

"जळली हाय," तो म्हणाला.

"राहू द्या जी," भागीरथा म्हणाली. "दुसरी टाकू का?"

चंद्रभानच्या हातातला घास हातातच राहिला. लग्न झाल्यापासून या बाईनं भाजीला कधी नाव ठेवू दिलं नव्हतं. 'तुमच्या मायनं शिकवली तशीच केली' हे तिचं ठरलेलं उत्तर. आणि आज म्हणे, दुसरी टाकू का! ताट तसंच ठेवून तो उठला.

बाहत्तर सालची गोष्ट. भिवापूरला मिरचीच्या वावरात चंद्रभानच्या छातीत कळ आली होती. त्याला नागपूरला धंतोलीतल्या एका दवाखान्यात आणलं, आणि तिथून सुटल्यावर दोघं नवरा-बायको रेशीमबागेत मुलाकडे, कृष्णकांतकडे येऊन राहिले. तिथल्या डॉक्टरांचा साध्या रक्ततपासणीवर फार भरवसा. पांढऱ्या पेशी किती, कोलेस्टेरॉल किती, काचेच्या नळीत रक्त किती लवकर खाली बसतं, एवढ्यावरून ते अंदाज सांगत, की हे हृदय पुढं साथ देईल की नाही. चंद्रभानचंही रक्त तपासलं. कृष्णकांत रिपोर्ट घेऊन आला आणि म्हणाला, "चांगला हाय बाबा."

पण आजारी माणसाच्या तोंडावर वाईट आहे असं कोण सांगतं? चंद्रभाननं मुलाचं ऐकून घेतलं आणि बायकोकडे लक्ष ठेवलं. भागीरथा त्या दिवसापासून मऊ बोलत होती. पाणी मागितलं की पाणी. उशी मागितली की उशी. टोमणा नाही, कपाळावर हात मारणं नाही. शेजारच्या सिंधूताईंनासुद्धा चुकल्याचुकल्यासारखं झालं. एरवी ही दोघं मुलाकडे आली आणि त्यांचं भांडण सुरू झालं की त्या रेडिओचा आवाज बारीक करून भिंतीशी बसायच्या.

संध्याकाळी चंद्रभाननं मुलाला जवळ बसवलं.

"बाबू, भिवापूरले कळव. बैलजोडी विकून टाका म्हणा. यंदा मिरची लावाची नाही."

"काहून बाबा?"

"काहून म्हणजे? माहं काही खरं नाही. रिपोर्ट वाईट आला, अन् तुमी लपवून राहिले."

"कोणी सांगतलं तुमाले?"

"तुह्या मायनं. रिपोर्ट आला तवापासून एकडाव भांडली नाही माह्याशी."

कृष्णकांतला हसू आवरेना. डॉक्टर म्हणाले होते, यांच्या जिवाला ताप नको, म्हणून त्यानंच आईला बजावलं होतं, काही दिवस तोंड आवर. तो हे सांगत होता तोवर आतून भागीरथा बाहेर आली. हातात लाटणं होतं.

"बैल विकता? मले इचारलं का? चारापानी कोण करते त्यायचं? तुमी? आंगातली फतुई धुवाले टाका म्हटलं तर चार दिवस आयकत नाही, अन् बैल विकाले निघाले मोठे! काय धाड भरली तुमाले? चांगले धडधाकट हाय!"

चंद्रभान ऐकत होता. त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"वाढ वं," तो म्हणाला. "भूक लागली."

आणि ती करपलेली भाजी तो बोटं चाटून जेवला.

पुढं कितीतरी वर्षं हे असंच चाललं. मिरचीचा हंगाम आटोपला की दोघं एसटीनं नागपूरला यायचे, धंतोलीत रक्त द्यायचे आणि रिपोर्ट मिळाला की रेशीमबागेत यायचे. चंद्रभान मुलाला काही विचारायचा नाही, डॉक्टरांना तर नाहीच. खाटेवर बसून भागीरथाच्या तोंडाकडे बघायचा. ती कशावरून तरी भडकायची. मग हा पाय ताणून विडा लावायचा. काय गोड दिवस होते ते! सिंधूताई तर म्हणायच्या, ही दोघं गावाला गेली की गल्ली ओस पडते.

मग एका वर्षी डॉक्टरांनी चंद्रभानला बाहेर बाकावर बसवलं आणि माय-लेकाला आत बोलावलं. एव्हाना डॉक्टर म्हातारे झाले होते. कृष्णकांतचेही केस पिकले होते.

"सगळंच वर गेलंय," डॉक्टर म्हणाले. "पेशी वाढल्यात, रक्त भराभर खाली बसतंय. औषध देतो. पण दिवाळी दिसेल असं मला वाटत नाही. त्यांना मात्र कळू देऊ नका."

भागीरथानं एकदा मान हलवली.

सायकलरिक्षानं घरी आल्यावर चंद्रभान खाटेवर बसला आणि नेहमीसारखा तिच्या तोंडाकडे बघू लागला. ती सरळ आत गेली. मोरीत पाण्याचा आवाज आला. कृष्णकांत दारात उभा होता. त्याला दिसलं, आई तोंडावर सपासप पाणी मारत होती, पुन्हा पुन्हा मारत होती, आणि तिचे खांदे हलत होते. आता ही बाहेर जाऊन हंबरडा फोडणार, असं त्याला वाटलं.

भागीरथानं पदरानं तोंड पुसलं, पदर खोचला आणि बाहेर आली.

"चपला!" ती ओरडली. "मधात चपला काढल्या! मानसानं पाय कुठी ठेवावं? जलम गेला माहा तुमच्या चपला सरकवता सरकवता! लग्नात तुमचा काका रुसला तवाच म्हटलं होतं मी, हे घरानंच असं! झोपता तर घोरता, उठता तर खोकलता! भाव नसताना मिरची विकून आले, तवा आयकलं का माहं? कधी आयकलं? सांगा ना, कधी आयकलं?"

तिचा आवाज एकदा चिरकला. लगेच तिनं तो आणखी चढवला. चाळीस वर्षांत भांडली नसेल तशी ती भांडत होती. पलीकडे सिंधूताईंनी रेडिओ बारीक केला. कृष्णकांतनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

चंद्रभाननं खाटेवर सावकाश पाय ताणले. पानाचा डबा ओढून घेतला.

"बाबू," तो समाधानानं म्हणाला, "रिपोर्ट चांगला आला वाटते."