मुली जीपमधून

"मुली जीपमधून येतील," सरांनी जाहीर केलं आणि माझं डोकंच फिरलं. सहलीचं नावच होतं 'एक दिवस गाडीविना'! जुन्या पेठेतून निघायचं आणि शेतातल्या वाटेने सायकलवर बारवेपर्यंत जायचं. मग ही जीप कुठून आली? आणि तीही फक्त आमच्यासाठी?

"सर, बारव आमच्याच गावात आहे. त्याच वाटेने मी रोज सायकलवर शाळेत येते."

"रोजचं वेगळं, ढवळे. आज जबाबदारी माझी आहे. ऊन आहे, चढ आहे."

"मग चढ काय मुलांना बघून सपाट होतो?"

"बस ना गं, महाराणी," प्रणित खिदळला. "आमचे डबे तरी सांभाळशील."

मी सायकलवर टांग टाकली. वाटलं, सगळ्या माझ्यामागे येतील. पण एकेक करून सगळ्या मुकाट्याने जीपमध्ये चढल्या. सुहानीसुद्धा, माझी बेस्ट फ्रेंड! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. रागाचं, बरं का.

"उतर खाली, नाहीतर घरी फोन लावतो," सर म्हणाले.

"लावा सर. मी निघते."

पेठेत वळले, तेवढ्यात मागे घंटी वाजली. सुहानी! तिच्यामागे बाकीच्याही, जीपमधून उतरून, स्टँडवरच्या आपापल्या सायकली काढून आलेल्या.

"मुलांच्या मागून चला!" असं काहीतरी सर जीपमधून ओरडले असावेत. पण आम्ही तांबट आळीत शिरलो होतो आणि दोन्ही बाजूंनी हंड्यांवर हातोडे पडत होते. मला काहीच ऐकू आलं नाही. खरंच!